ड्युटीचा तक्ता संगणकावर आणताना : परिचारिकांचे निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

विषय : परिचारिका व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या संगणकप्रणालीद्वारे लावण्याबाबत.

महोदय,

रुग्णालयात ड्युटी लावण्यासाठी संगणकप्रणाली घेण्याचे ठरत असल्याचे समजले. त्याचे आम्ही स्वागत करतो. आज परिसेविका वहीत तक्ता आखतात, तो मेट्रन ऑफिसातून मंजूर होऊन येईपर्यंत आठवडा तोंडावर आलेला असतो आणि पुढचे बदल रात्री फोनवरून कळतात. कोणाचा ऑफ कोणी व का रद्द केला, याची नोंद कुठेच राहत नाही. हे थांबणार असेल तर प्रणाली आम्हाला हवीच आहे. फक्त वहीतली मनमानी पडद्यावर जाऊ नये, म्हणून नियम ठरण्यापूर्वीच हे निवेदन देत आहोत.

सर्वांत मोठा प्रश्न विश्रांतीचा. नाईट सकाळी आठला संपते. ओव्हर देऊन, घर गाठून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दहा-साडेदहा होतात आणि त्याच परिचारिकेला दुपारी दोनच्या इव्हिनिंगला बोलावले जाते. नाईट आदल्या तारखेच्या रकान्यात असल्याने तपासणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तासांची सलग विश्रांती सांगितली आहे. ती बंधनकारक नाही, हे आम्ही जाणतो. पण थकलेल्या हातांनी इन्सुलिनचे युनिट मोजण्यातला धोका आपणांस सांगायला नको. प्रणालीने तारखा न पाहता तास मोजावेत आणि ते बारापेक्षा कमी भरल्यास तक्ता स्वीकारूच नये. मोठा अपघात किंवा साथ आल्यास अधिसेविकांना ही अट शिथिल करता यावी, मात्र कारण व स्वतःचे नाव नोंदवून आणि बदली ऑफ त्याच आठवड्यात देऊन.

दुसरी गोष्ट रिक्त पदांची. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांत सामान्य कक्षासाठी सहा खाटांमागे एक परिचारिका आणि रजा-सुट्ट्यांसाठी त्यावर ४५ टक्के वाढीव पदे धरली आहेत. प्रणाली असलेल्याच माणसांची विभागणी करणार. नसलेली माणसे ती निर्माण करू शकत नाही. म्हणून ज्या पाळीत निकषापेक्षा कमी परिचारिका आहेत, तो रकाना लाल दिसावा आणि अशा पाळ्यांचा मासिक अहवाल थेट आपल्याकडे व संचालनालयाकडे जावा. सगळे रकाने भरलेले दाखवणारा सुबक तक्ता पदभरतीच्या मागणीलाच मारक ठरेल.

तक्ता किती आधी लागावा? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेबाबत लॉर्ड कार्टर यांच्या २०१६ च्या अहवालात सहा आठवडे आधीची शिफारस आहे. आम्ही निदान दोन आठवडे मागतो. त्यानंतरचा प्रत्येक बदल संबंधित परिचारिकेला दिसावा. आपसांत ड्युटी बदलून घेण्याची आजची सोय कायम राहावी. सणासुदीच्या नाईट कोणाच्या वाट्याला किती आल्या, हे सर्वांना पाहता यावे; या एकाच माहितीने निम्मी भांडणे मिटतील, असे आमचे मत आहे.

प्रणाली मराठीत असावी. स्वतःच्या मोबाइलवर अ‍ॅप घेण्याची सक्ती नसावी. कक्षातल्या संगणकावर तक्ता पाहता यावा, कारण अनेक कक्षसेवक व सफाई कामगारांकडे साधे फोन आहेत. रजेचे वैद्यकीय कारण मंजुरी देणाऱ्याखेरीज कोणालाही दिसू नये. ड्युटीबाहेरच्या वेळी कोण कुठे आहे, याचा माग काढणारी कोणतीही सुविधा आम्हाला मान्य नाही.

निविदेच्या अटी ठरवणाऱ्या समितीत दोन अधिपरिचारिका, एक परिसेविका व एक कक्षसेवक यांना घ्यावे. सुरुवात एका मेडिसिन आणि एका सर्जरी कक्षापासून करावी व तोवर वही बंद करू नये. निविदा निघण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
रुग्णालयातील परिसेविका, अधिपरिचारिका, कक्षसेवक व सफाई कामगार
(सोबत : स्वाक्षऱ्यांची यादी)

प्रत माहितीसाठी : मा. वैद्यकीय अधीक्षक, मा. अधिसेविका