दमा 'लागतो' का?

बालमित्रांनो, आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच डबा खायची. का, म्हणून विचारलं, तर मैत्रिणी म्हणाल्या, "बाई, तिला दमा आहे. आम्हाला लागला तर?"

छे! दमा असा लागत नाही. खुशाल डबा वाटून खा. मात्र तो घराण्यात आढळतो, हे खरं. आई किंवा बाबांना दमा, ॲलर्जीच्या शिंका किंवा इसब असेल, तर मुलाला दमा होण्याची शक्यता वाढते. दोघांनाही असेल, तर आणखी. पण वारशाने येते ती प्रवृत्ती, दमा नव्हे. अगदी एकसारख्या जुळ्यांतही कधी एकालाच दमा असतो! धूळ, धूर, सर्दी यांचाही त्यात हात असतो. म्हणून पालकहो, स्वतःला दोष देऊ नका. पण घरात विडी-सिगारेट नकोच.

आता गृहपाठ! आपल्याकडे कोणाकोणाला दमा होता, ते आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. कधी धाप लागलीच, तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणि ती मुलगी? आता तिला दम लागला, की दप्तरातला पंप आणायला चौघी धावतात!