सिगार काढून घेणारा माणूस

तुमच्या ऑफिसच्या आय-कार्डवरचा फोटो जरा बघा. जॉइनिंगच्या पहिल्या दिवशी, पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून काढलेला. ‘सर, जरा हनुवटी खाली... झालं. नेक्स्ट!’ दहा सेकंदांत खेळ खलास. आणि मग पुढची तीन-चार वर्षं पोलीस स्टेशनच्या बोर्डावर शोभेल असा एक इसम आपण गळ्यात लटकवून फिरतो. याचं दुसरं टोक म्हणजे लग्नाच्या बायोडेटाला लावायचा फोटो. त्यात सगळं कसं गुळगुळीत, गोरंगोमटं, झकास. फक्त हा नक्की आपलाच मुलगा ना, हे आईलाही दोनदा बघावं लागतं.

एका फोटोत आपण आहोत त्यापेक्षा वाईट, दुसऱ्यात आहोत त्यापेक्षा भारी. मग आपण ‘आपण’ असतो तो फोटो कुठला? आणि तो काढायला काय लागतं? महागडा कॅमेरा? भारीतला मोबाइल? आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याचं अख्खं आयुष्य याच प्रश्नात गेलं. नाव युसुफ कार्श.

नाव ओळखीचं वाटत नाहीये? हरकत नाही. त्याने काढलेला एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. ब्रिटनचे युद्धकाळातले पंतप्रधान विन्स्टन चर्चिल. एक हात खुर्चीवर, दुसरा कमरेवर, कपाळाला आठ्या आणि नजर अशी, की समोरच्याला आता खाऊ की मग! अजूनही लक्षात येत नसेल, तर ऑनसाइट जाऊन आलेल्या एखाद्या मित्राकडे पाच पौंडांची नोट मागा. २०१६ मध्ये निघालेल्या त्या नोटेवर हाच चेहरा आहे.

फक्त एक फोटो!

३० डिसेंबर १९४१. कॅनडाची राजधानी ओटावा. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि चर्चिल कॅनडाच्या संसदेत भाषण करायला आले होते. फोटो काढायचं काम मिळालं होतं तेहेतीस वर्षांच्या कार्शला. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग त्याच्या कामावर खूश होते, त्यांनीच जमवून आणलेलं. पठ्ठ्याने सभापतींच्या दालनात आदल्या दिवशीच दिवे लावून ठेवले होते.

भाषण गाजवून चर्चिल आत आले. दिवे लागले आणि साहेब भडकले. फोटोचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! आजूबाजूचे हसले, वातावरण जरा निवळलं. चर्चिलनी सिगार पेटवला आणि एक फोटो काढायची परवानगी दिली. एक म्हणजे एकच.

कार्शने अॅश-ट्रे पुढे केला. सिगार काही खाली येईना. तो कॅमेऱ्यापाशी गेला, सगळं पुन्हा तपासलं, थांबला. सिगार तोंडातच. मग तो शांतपणे चर्चिलपाशी गेला, ‘माफ करा सर’ म्हणाला आणि त्यांच्या तोंडातला सिगार सरळ काढून घेतला.

बॉस, जरा इमॅजिन करा. कंपनीचा ग्लोबल सीईओ तुमच्या ऑफिसला आलाय. तुम्ही पुढे होता आणि त्याच्या हातातला मोबाइल काढून घेता. अप्रेझल विसराच, आय-कार्ड तरी शाबूत राहील का?

कार्श कॅमेऱ्याकडे परतेपर्यंत चर्चिलचा चेहरा बदलला होता. त्याच क्षणी त्याने बटण दाबलं. हिटलरसमोर उभ्या असलेल्या ब्रिटनचा चेहरा म्हणून जगाने जो फोटो डोक्यावर घेतला, तो प्रत्यक्षात सिगार गेल्याचा राग आहे! गंमत म्हणजे नंतर चर्चिल हसले, अजून एक काढ म्हणाले आणि गर्जणाऱ्या सिंहालाही तू उभा करशील, अशी पावती देऊन गेले. तो दुसरा, हसरा फोटोही आहे. पण जगाच्या लक्षात राहिला तो पहिलाच. ‘गर्जणारा सिंह’ हे नावही त्याला त्या पावतीवरूनच मिळालं.

इतका लक्षात राहिला, की चोरीलाही गेला. कार्शने ओटावातल्या शातो लॉरिए हॉटेलला दिलेली सही केलेली प्रिंट कुणीतरी लांबवली आणि तिच्या जागी नकली टांगली. फ्रेम काहीतरी वेगळी दिसतेय, हे हॉटेलातल्या कर्मचाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत ऑगस्ट २०२२ उजाडला. खरी प्रिंट २०२४ मध्ये थेट इटलीतल्या जिनोआमध्ये सापडली आणि परत हॉटेलात आली.

व्हायचं होतं डॉक्टर

आता तुम्ही म्हणाल, नशीबवान माणूस. योग्य वेळी योग्य जागी होता. पण त्या जागी तो पोचला कसा, हे ऐकाच.

कार्शचा जन्म १९०८ चा, मार्दिनचा. हे गाव आज तुर्कस्तानात आहे, तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. घर आर्मेनियन. १९१५ पासून तिथे आर्मेनियन लोकांचं जे हत्याकांड झालं, त्यात हा पोरगा वाढला. बहीण गेली. मामांना मारलं. शाळेतून येताना मुलं दगड मारायची. त्यानेही एकदा खिशात दगड भरून घेतले. आईने पाहिलं. ती त्याला म्हणाली, मारायचाच असेल तर मार, पण नेम चुकेल एवढं बघ.

ही आई लक्षात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

१९२२ मध्ये सगळं घरदार सोडून कुटुंब काफिल्याबरोबर सीरियातल्या अलेप्पोला पळालं. दोन वर्षांनी आईवडिलांनी त्याला एकट्याला बोटीत बसवून कॅनडाला मामाकडे धाडलं. वय सोळा. खिसा रिकामा, फ्रेंच थोडंफार, इंग्रजी त्याहून कमी. स्वप्न होतं डॉक्टर होण्याचं. पण मामाचा होता फोटो स्टुडिओ, म्हणून भाचा लागला फोटो स्टुडिओत. आपल्याकडे नाही का, ‘तूर्तास काकांच्या दुकानावर बस’? अगदी तसंच.

मामाने एक साधा कॅमेरा दिला. त्यावर काढलेला एक फोटो त्याने शाळेतल्या मित्राला ख्रिसमसची भेट म्हणून दिला. मित्राने तो गुपचूप एका स्पर्धेत पाठवला. पहिलं बक्षीस, पन्नास डॉलर! त्यातले दहा मित्राला, उरलेले अलेप्पोला, आईवडिलांना.

१९२८ मध्ये मामाने त्याला बॉस्टनला जॉन गारो या आर्मेनियन फोटोग्राफरकडे शिकायला पाठवलं. ठरलं होतं सहा महिन्यांचं, राहिला तीन वर्षं. गारो खिडकीतून येणाऱ्या उजेडात काम करायचे. उजेड गेला की स्टुडिओत गायक, वादक, लेखक यांचा अड्डा जमायचा. कार्श त्यांची सरबराई करायचा आणि कान उघडे ठेवून बसायचा. रेम्ब्रांटसारख्या जुन्या चित्रकारांनी चेहऱ्यावर उजेड कसा पाडलाय, ते नीट बघायला गारोंनी शिकवलं.

१९३२ मध्ये ओटावात स्वतःचा स्टुडिओ सुरू झाला. फर्निचर म्हणजे संत्र्यांची खोकी, वरून कापड टाकलेली. सेक्रेटरीला पगार द्यायचा आणि मध्येच तो तिच्याकडूनच उसना घ्यायचा. स्टार्ट-अप म्हणतात ते हेच!

बटण सगळ्यात शेवटी

तिथल्या हौशी नाटक मंडळींमुळे कार्शला रंगमंचावरच्या दिव्यांचा नाद लागला. पोर्ट्रेटसाठी असे दिवे वापरता येतील, हे त्याच्या लक्षात आलं. (पहिली बायको, अभिनेत्री सोलांज, तीही याच मंडळींतली. नाद एकटा येत नाही.) पुढे त्याच्या फोटोंत हातांना वेगळा उजेड असायचा. माणूस चेहरा सांभाळतो, हात सांभाळायचं विसरतो. मीटिंगमध्ये टेबलाखाली बघा, पटेल.

पण खरी गोम दिव्यांत नव्हती, होमवर्कमध्ये होती. ज्याचा फोटो काढायचा, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून जायचं, हा त्याचा शिरस्ता. १९५७ मध्ये हेमिंग्वेचा फोटो काढायला क्युबाला गेला, तेव्हा आदल्या संध्याकाळी लेखकमहाशयांच्या आवडत्या बारमध्ये जाऊन त्यांची आवडती डाइकिरी चाखून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमिंग्वेने विचारलं, काय घेणार? कार्श ऐटीत म्हणाला, डाइकिरी. हेमिंग्वे चकित. एवढ्या सकाळी? होमवर्क जरा जास्तच झालं! पण फोटो बघा. जाड स्वेटरमधला तो दाढीवाला दणकट माणूस, आणि डोळ्यांत बुजरेपणा. इतका लाजाळू माणूस आपल्यासमोर कधी बसला नव्हता, असं कार्शने नंतर लिहिलं.

आणि चेलोवादक पाब्लो कसाल्स? १९५४ मध्ये फ्रान्समधल्या एका जुन्या मठात ते वाजवत होते. वर एक लहानशी खिडकी, बाकी अंधार. कार्शने त्यांचा फोटो चक्क पाठमोरा काढला. पोर्ट्रेट, आणि चेहराच नाही! पुढे बॉस्टनच्या संग्रहालयात तो फोटो लागला, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ रोज येऊन त्यासमोर उभे राहायचे. तिथल्या माणसाने शेवटी कारण विचारलं, तर गृहस्थांनी त्यालाच गप्प केलं. ते म्हणे संगीत ऐकत होते.

मग हा मस्काच ना?

कार्शवर एक आक्षेप कायम घेतला गेला. त्याच्या फोटोंत प्रत्येक जण पुतळ्यासारखा महान दिसतो. राजे, पंतप्रधान, नट्या, शास्त्रज्ञ... १५ हजारांहून जास्त माणसं त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसली आणि बहुतेक सगळी खूश होऊन गेली. त्याच काळात न्यूयॉर्कचा रिचर्ड अॅव्हेडन साध्या पांढऱ्या पडद्यापुढे माणसाला उभं करून त्याचा थकवा, भीती, सुरकुत्या सगळं दाखवत होता. खरा फोटो तो, कार्शचा म्हणजे निव्वळ मस्का, असं मानणारे आजही भेटतील.

आक्षेपात तथ्य आहे. त्याचे काही फोटो खरंच जरा जास्त चकचकीत आहेत. पण मला स्वतःला हा हिशेब इतका सोपा वाटत नाही. माणूस किती खालच्या थराला जातो, हे कार्शने सातव्या वर्षीच पाहिलं होतं. ते बघायला त्याला कॅमेऱ्याची गरज नव्हती. समोरच्यात चांगलं शोधणं हा त्याचा भाबडेपणा नव्हता, तो त्याने केलेला चॉइस होता. दगड हातात असताना नेम चुकवायचा चॉइस.

आणि मस्का मारणारा माणूस सिगार काढून घेत नाही! तो म्हणतो, वा सर, सिगार काय शोभतोय. मग फोटो काढतो, सलाम ठोकतो आणि निघतो. कार्शने ‘माफ करा सर’ही म्हटलं आणि सिगारही काढला. आदर आणि मस्का यांतला हा फरक फोटोग्राफीपुरता नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रोज दहा ते सात आपण त्याच रेषेवर चालत असतो.

कार्शने १९९२ मध्ये स्टुडिओ बंद केला आणि २००२ मध्ये बॉस्टनमध्ये तो गेला. मधल्या काळात त्याने आईवडिलांना कॅनडाला आणलं होतं, भावांनाही. एक भाऊ, मलाक, तोही फोटोग्राफर झाला. त्याने काढलेलं संसदेसमोरच्या नदीचं दृश्य १९७४ च्या कॅनडाच्या एक डॉलरच्या नोटेवर आलं. निर्वासित घरातले दोन भाऊ आणि दोन देशांच्या नोटा!

जाता जाता एक काम सांगतो. आपल्या घरांत मोठ्या माणसांचा धड असा एक फोटो नसतो. मग एक दिवस अचानक लागतो. घाईघाईत कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधला जातो, त्यातून चेहरा कापून मोठा केला जातो, फ्रेम होते, हार चढतो. खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहतो. ती फ्रेम मग कायमची भिंतीवर.

या रविवारी बाबांना खिडकीपाशी बसवा. टीव्ही बंद करा. मोबाइल लगेच बाहेर काढू नका. पहिली नोकरी कशी लागली, ते विचारा. आधी ते म्हणतील, ‘माझा कसला फोटो काढतोस?’ काढू दे म्हणावं. विसाव्या मिनिटाला ते हनुवटी सांभाळायचं विसरतील. हातही बघा. मग बटण दाबा.