बियाणे कोणाच्या घरात?

शहरात हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो, पर्माकल्चर. कायम टिकणारी शेती, आणि त्या शेतीभोवती शेजारपाजाऱ्यांनी मिळून उभे केलेले जगणे, असा त्याचा सरळ अर्थ. ऑस्ट्रेलियाचे बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली या विषयावरचे पहिले पुस्तक काढले. मॉलिसन यांची शाळा पंधराव्या वर्षीच सुटली होती. मासेमारी, जंगलातली मजुरी, लाकडाच्या गिरणीतले काम असे सगळे करून मग ते विद्यापीठात शिकवू लागले. तीन गोष्टी ते सांगत : जमिनीची निगा राखा, माणसाची निगा राखा आणि गरजेहून जास्त असेल ते वाटून घ्या.

पहिल्या दोन गोष्टींवर आता भरपूर बोलले जाते. फार्महाऊसवर पैसे भरून शिबिरे होतात, मातीत हात घातल्याचे फोटो निघतात. तिसऱ्या गोष्टीपाशी आवाज जरा बारीक होतो. आम्हाला आज बोलायचे आहे ते तिच्याविषयीच.

मातीकडे परत चला असे कुणी म्हटले की आमच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडणे रास्तच आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांचा कसा समाचार घेतला ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. जी माती आपल्या नावावर नव्हती, ज्या विहिरीचे पाणी वरून ओंजळीत घ्यावे लागे, तिथे कशाला परत जायचे? आपली माणसे गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली ती हवापालटासाठी आली नव्हती. म्हणून या विषयाचे उदाहरण घ्यायचे तर ते आपल्यासारख्यांचेच घ्यावे लागेल.

ते फार लांब नाही. सोलापूरहून हैदराबादला जाताना उमरगा, हुमनाबाद मागे पडले की जहीराबाद लागते. आज हा भाग तेलंगणात आहे. १९४८ पर्यंत आपल्या मराठवाड्याप्रमाणे तोही निजामाच्या राज्यात होता. पाऊस बेभरवशाचा, जेवण ज्वारीच्या भाकरीचे. या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. काढणारे शहरातले शिकलेले लोक, त्यांतले पी. व्ही. सतीश पूर्वी दूरदर्शनवर कार्यक्रम करीत, ते मार्च २०२३ मध्ये वारले. परंतु काम उभे राहिले ते गावोगावच्या बायकांच्या संघांवर. तिकडे त्याला संघम म्हणतात. सुमारे पंच्याहत्तर गावे आणि पाच हजारांच्या आसपास बायका. त्यांतल्या बहुतेक दलित, शेतमजुरी करून पोट भरणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या.

जमीन वाटपात यांच्या घरांना तुकडे मिळाले होते, पण कसले? उताराचे, दगडगोट्यांचे, ज्यावर कोणी नांगर घालू नये असे. पडीकच राहिले ते. त्यातच १९८३ पासून आंध्रात रेशनवर दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. पोटाला आधार झाला हे खरेच, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु ज्वारी पेरण्याचे कारण कमी झाले. ज्वारी गेली म्हणजे तिच्या ओळीत येणारी तूर, मूग, तीळ, अंबाडी गेली, जनावरांचा कडबा गेला, आणि पेरणी-काढणीची मजुरीही गेली. एका धान्याबरोबर किती गोष्टी घराबाहेर पडतात ते आपल्या आज्या न शिकता सांगतील.

१९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर या बायकांनी केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्याची मदत घेऊन एक खटाटोप केला. तीसएक गावांतली अडीच हजार एकरांहून जास्त पडीक जमीन त्यांनी लागवडीला आणली. शेतकऱ्याला नांगरट, शेणखत, बी, खुरपणी यांसाठी हप्त्याहप्त्याने कर्ज. फेड मात्र पैशात नाही, पाच वर्षे ज्वारीत. ही ज्वारी गावातच साठवायची आणि काम नसलेल्या दिवसांत गरिबांना स्वस्तात द्यायची. गरीब कोण, हे तलाठ्याच्या कागदावरून ठरले नाही. सगळ्या गावाने जमिनीवर घरांचा नकाशा काढला आणि कोणत्या घरात किती भूक आहे ते चारचौघांत ठरवले. लबाडीला जागा राहील कशी? शेजारणीच्या चुलीची खबर शेजारणीला असतेच.

बियाणाची गोष्ट तर याहून मोलाची. पूर्वी पेरणीच्या तोंडावर मोठ्या शेतकऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. बी मागायचे, आणि बियाबरोबर त्याची मर्जीही घरी आणायची! संघाने गावोगाव बियाणाच्या पेढ्या काढल्या. बी घ्यायचे, सुगीला घेतल्याहून जास्त परत करायचे. राखण बायकांकडे. मातीने लिंपलेल्या टोपल्या, राख, कडुलिंबाचा पाला, एवढीच त्यांची कोठी. एकेका एकरात वीस-वीस वाण पेरणाऱ्या बाया तिथे आहेत : ज्वारी, बाजरी, राळे, सावा, तूर, उडीद, जवस, करडई. पाऊस एकावर रुसला तर दुसरे हाती लागते. ज्यांना पूर्वी दाराबाहेर उभे राहावे लागे त्यांच्या घरी आता इतर जातींचे शेतकरी बी न्यायला येतात. आम्हाला विचाराल तर पर्माकल्चरचा सगळा अर्थ या एका येण्याजाण्यात आहे. पुढे २००८ साली माचनूर गावात याच बायकांनी स्वतःचे रेडिओ केंद्र चालू केले, आणि २०१९ साली या संघांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे वळू. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, १९५९ आणि १९६४ साली, आपले वाडवडील तुरुंगात गेले. मराठवाड्यात गायरानाचे तुकडे कसणाऱ्यांसाठी १९९१ साली सरकारी निर्णय निघाला. सातबारासाठी पुष्कळांचे हेलपाटे अजून संपलेले नाहीत. ज्यांच्या हाती असा तुकडा आहे त्यांतले कितीतरी जण आज दुकानातून उधार बी आणून सगळ्या रानात एकटे सोयाबीन किंवा एकटा कापूस घेतात. रोख पैसा लागतो, हे आम्हाला कळते. मुलांची फी ज्वारीत भरता येत नाही. तरी बांधाकडच्या चार ओळी पोटासाठी ठेवाव्यात, बी घरचे धरावे, आणि त्या ओळींवर तणनाशक मारू नये. फवारा मारला की तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर सगळे जाते. बिनपैशाची भाजी आहे ती, आणि बहुतेक वेळा घरातली बाईच ती खुडून आणते.

शहरातल्या वस्तीत जमीन नाही. दहा बाय बाराच्या खोलीत बाग करा असे सांगणारा माणूस त्या खोलीत राहिलेला नसतो. परंतु दहा घरे मिळून फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाकडच्या आपल्याच माणसाकडून मालदांडी ज्वारीची पोती आणू शकतात. गच्चीवर किंवा विहाराच्या अंगणात दोन दिवस कडक ऊन द्यावे, कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवावी, हिशेब बायकांच्या मंडळाने ठेवावा. गावच्या भावाला अडतीपेक्षा बरा भाव मिळेल आणि आपल्याला खात्रीचे धान्य. अंगण असेल तर न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावावी. रुळाकडेच्या गटारावर पिकलेली भाजी मात्र कितीही स्वस्त मिळो, घरात आणू नये.

आपल्या आजीला, मावशीला राळ्याचा भात कसा शिजवतात ते ठाऊक असेल, किंवा रानातली एखादी भाजी तिच्या गावच्या नावाने आठवत असेल, तर विचारून लिहून ठेवा. गाव, भाजी कोणत्या महिन्यात उगवते, कोवळी खुडायची की जून, आधी वाफवून पाणी टाकायचे का, हे सगळे लिहा आणि आमच्या पत्त्यावर पाठवा. पावसाळ्याआधी ती यादी या पानावर छापू.