मधुमेहाचाही हिशेब मांडू या

रमजान हा हिशेबाचाही महिना आहे. बहुतेक मुस्लिम कुटुंबे याच दिवसांत वर्षभराच्या शिलकीतून अडीच टक्के जकात काढतात. किती जमा झाले, किती देणे आहे, हे नीट मांडल्याशिवाय जकात ठरत नाही. असाच एक हिशेब आपल्या दवाखान्यांनीही मांडायला हवा. तो म्हणजे मधुमेहाचा.

रोजा असताना पहाटेच्या सहेरीपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि आजाऱ्याला सवलत तर कुरआननेच दिली आहे. पण हा सल्ला वेळेवर द्यायचा, तर आपले मधुमेही रुग्ण कोण आणि त्यांची साखर किती, हे दवाखान्याला आधी ठाऊक हवे.

बाह्यरुग्ण विभागात किती केसपेपर निघाले, शिबिरात किती जण तपासले, हे आकडे आपण नेहमी वाचतो. त्यातून गर्दी कळते, गुण आला की नाही ते कळत नाही. मधुमेह हा चार गोळ्यांनी उतरणारा ताप नव्हे. नोंद झालेल्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण परत आले? त्यातल्या कितींची साखर आटोक्यात आहे? वर्षातून एकदा डोळे, पाय आणि लघवीची तपासणी कितींची झाली? एका वेळी महिनाभराचे औषध कितींना मिळाले? खरे मोजमाप या चार प्रश्नांत आहे.

हे अशक्य नाही. रक्तदाबासाठी २०१७ मध्ये देशात असा उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात आधी आले. प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवायचे, दर तिमाहीला किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला ते मोजायचे आणि जे फिरकले नाहीत त्यांचा शोध घ्यायचा, अशी ती साधी रीत आहे.

मेळघाटात तिची गरज अधिक आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण हतरू किंवा काटकुंभहून चिखलदऱ्याला येणाऱ्याचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? त्याला आठवड्याचेच औषध दिले, तर तो पुढच्या आठवड्यात येईलच असे नाही. रजिस्टरमध्ये मात्र त्याच्या नावापुढे ‘तपासले’ एवढेच राहील.

या चार प्रश्नांची उत्तरे दर तिमाहीला चिखलदऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातील प्रत्येक आरोग्य केंद्रात फळ्यावर लागावीत. त्यात कोणाचे नाव नको, फक्त आकडे हवेत. आकडा कमी दिसला, तर डॉक्टरांना दोष देण्याआधी औषध, तपासणीचे साहित्य आणि माणसे पुरेशी आहेत का, हे लोकप्रतिनिधींना विचारावे. साखर धर्म विचारून वाढत नाही. म्हणून ही मागणीही साऱ्या गावाने मिळून करावी.