बसल्या जागी धावणे

उधना भागात पहाटे पाच वाजता बाहेर पडावे, म्हणजे सिमेंटच्या रस्त्यांवर तरुणांची धावपळ दृष्टीस पडते. यातील कित्येकांचे आईबाप खानदेशातून पोटासाठी सुरतेस आले व यंत्रमागाच्या आधाराने येथे स्थिरावले. मुलांना मात्र पोलिसाचा गणवेष हवा आहे. गुजरातेत २०२४ साली निघालेल्या पोलीस भरतीत पुरुषांना ५,००० मीटर अंतर २५ मिनिटांत आणि स्त्रियांना १,६०० मीटर साडेनऊ मिनिटांत धावावे लागले. शेजारच्या डांग जिल्ह्यातील सरिता गायकवाड हिने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ४ x ४०० मीटर रिलेच्या संघातून सुवर्णपदक मिळविल्यापासून आपल्या भागातील मुलीही निर्धाराने धावू लागल्या आहेत. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु या आनंदामागे एक दुखणे लपलेले असते. आजचे चार शब्द त्याविषयी आहेत.

आमच्या शेजारच्या घरातील एक माउली एके दिवशी संध्याकाळी आली व म्हणाली, “भाऊ, पोरगा रात्री पाय धरून बसतो. मला म्हणतो, कोणाला सांगू नको.” मुलाला बोलावून घेतले. परीक्षेला चार महिने उरले होते. तीन आठवड्यांत त्याने रोजचे धावणे दोन किलोमीटरवरून आठांवर नेले होते. तेही झिजलेल्या बुटांनी आणि कारखान्यात दिवसभर उभे राहून. नडगीच्या आतल्या कडेवर एका ठिकाणी बोट टेकताच तो कळवळला. “काका, डॉक्टरांकडे गेलो तर ते धावणे बंद करतील,” एवढेच तो म्हणाला.

येथे थोडा शरीरधर्म समजून घेतला पाहिजे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. त्याने हाडात सूक्ष्म इजा होते व विश्रांतीत ती भरून निघून हाड अधिक बळकट होते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे व स्नायुबंध यांना मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणून तरुण अधिक धावतो आणि हाडाची डागडुजी मागे पडते. नडगीची संपूर्ण कड दुखत असेल तर दुखणे बहुधा सौम्य असते. परंतु एकाच बिंदूवर दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडास बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. असा तडा आरंभी क्ष-किरणांच्या चित्रातही दिसत नाही. म्हणून दुखणे लपविणे हा शूरपणा नव्हे.

डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. मुलगा हताश झाला. पण त्यांनी एक वाटही दाखविली. आठवडाभराच्या विश्रांतीनंतर, दुखत नसेल तर, व्यायामशाळेतील एका जागी उभी असणारी सायकल चालवावी.

वाचकांस हे वाचून मौज वाटेल की, जर्मनीतील कार्ल द्राइस याने १८१७ साली सायकलीची जी पूर्वज रस्त्यावर आणली, तिला पायटे नव्हतेच. स्वार जमिनीला पाय रेटून पुढे जाई आणि त्या वाहनाचे नावच ‘धावयंत्र’ होते. दोनशे वर्षांनी तीच सायकल जखमी धावपटूच्या उपयोगी पडावी, हे योग्यच म्हणावयाचे. हिच्यावर वजन बैठकीवर राहते, पावलागणिक आदळ बसत नाही, आणि हृदयाचे काम मात्र चालू राहते.

आरंभ कसा करावा? प्रथम बैठकीची उंची पाहावी. पायटा सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखू लागला तर बैठक बहुधा खाली आहे; मागून दुखला तर वर. पहिल्या आठवड्यात तीन दिवस, वीस-वीस मिनिटे पुरेत. पुढे दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. भार हलका ठेवून पाय चपळ चालवावेत. एक गुडघा पंधरा सेकंदांत वीस-बावीस वेळा वर यावा. बोलता येईल इतकाच दम लागावा. तीन आठवड्यांनंतर एखादे दिवशी एक मिनिट जोराने व दोन मिनिटे सावकाश, अशी सहा आवर्तने करावीत. नाडी धावण्याइतकी वेगाने चालत नाही म्हणून जोर वाढवीत सुटू नये. बसून केलेल्या श्रमाचा तो स्वभाव आहे.

सुरतेच्या दमट हवेत बंद खोलीत वारा लागत नाही. यास्तव समोर पंखा व हाताशी पाणी असावेच. घरची जुनी सायकल स्टँडवर चढवून पायटे फिरविल्यास चाक मोकळेच फिरते, अंगाला श्रम होत नाहीत. चाकाला अडथळा देणारे साधन हवे. ते महाग वाटल्यास मोहल्ल्यातील व्यायामशाळा बरी.

तथापि एक गोष्ट विसरू नये. सायकल दम राखते, हाड घडवीत नाही. ज्या भारापासून ती पायाला वाचविते, तोच भार हाडाला बळ देत असतो. म्हणून शेवटी धावण्याकडे परतावेच लागते, पण पायरीपायरीने. अर्धा तास न दुखता चालता आले की एक मिनिट धावणे, तीन मिनिटे चालणे. एक दिवस धावले की दुसऱ्या दिवशी सायकल. दुखणे परत आले तर एक पायरी मागे.

आमच्या मुलाने हे सारे निमूटपणे केले. सायकलीवर बसताना मित्र हसत, ते त्याने सोसले. सहा आठवडे संपल्यावर पाच आठवडे तो चालत-धावत राहिला. गेल्या रविवारी त्याने ५,००० मीटर २६ मिनिटांत पुरे केले. एक मिनिट अजून कमी करावयाचे आहे आणि हाती पाच आठवडे आहेत. ते साधेल की नाही, हे आज कोणी सांगू नये. पण परवा त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, “भाऊ, आता रात्री झोपतो. आणि काही दुखले तर आधी मला सांगतो.”

घरात धावणारे मूल असेल त्या प्रत्येक आईबापाने आज रात्री एवढेच विचारावे, “बाळा, पाय कसा आहे?” आणि उत्तर खरे मिळेल अशा रीतीने विचारावे.