विश्लेषण : लांब पल्ल्याचे ‘रकिंग’ आणि रायफल स्पर्धा… सॅक घेण्याआधी पाठ का मोजायची?

पाठीवर ओझे घेऊन मैलोन् मैल चालायचे आणि पोहोचताक्षणी शेकडो मीटर दूरच्या लक्ष्यावर नेम धरायचा, अशा स्पर्धा अमेरिकेत रुजल्या आहेत. त्यासाठी सॅक कोणती घ्यावी, यावर तिथले स्पर्धक रायफलीइतकाच खल करतात. ही चर्चा बहुतेकदा कंपनीचे नाव, लिटर आणि ‘मिलिटरी लूक’ यांभोवती फिरते. प्रत्यक्षात निर्णय ठरायला हवा तो पाठीची लांबी, कमरेचे हाड आणि सामानाची यादी या तीन गोष्टींवर. हा क्रम चुकला तर भुर्दंड खिशाला पडतोच, शिवाय खांद्याच्या नसांनाही पडतो. सह्याद्रीत सॅक घेऊन फिरणाऱ्यांनाही हे लागू आहे.

रकिंग म्हणजे काय?

‘रकसॅक’ हा मूळचा जर्मन शब्द. त्याचा अर्थ पाठीवरची पिशवी. ती वजनाने भरून ठरावीक अंतर चालणे म्हणजे रकिंग. सैन्याला हे नवे नाही. नॉर्वेच्या लष्करात १९१५ पासून ३० किलोमीटरची चाल आहे. पाठीवर किमान ११ किलो आणि ठरलेली वेळ. नेदरलँड्समधील नायमेखनच्या चार दिवसांच्या पदयात्रेची सुरुवात १९०९ ची. तिथे लष्करी गणवेशातले सहभागी किमान १० किलो घेऊन रोज ४० किलोमीटर चालतात. अमेरिकी पायदळाच्या ‘एक्स्पर्ट इन्फन्ट्रीमन बॅज’साठी ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो वजन घेऊन १२ मैल (सुमारे १९ किलोमीटर) तीन तासांत पार करावे लागतात. भारतीय लष्कराच्या शारीरिक चाचणीतही रायफल आणि सामानासह पाच किलोमीटरची दौड असते. आपल्याकडे जवान आणि एनसीसीची मुले या पाठीवरच्या ओझ्याला ‘पिठ्ठू’ म्हणतात.

अमेरिकेत हा प्रकार सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचवण्यात २००८ मध्ये एका माजी विशेष दल सैनिकाने सुरू केलेल्या ‘गोरक’ या कंपनीचा मोठा वाटा आहे. न्यू मेक्सिकोतील ‘बतान मेमोरियल डेथ मार्च’मध्ये १९४२ च्या युद्धकैद्यांच्या स्मरणार्थ हजारो लोक २६.२ मैल चालतात. त्यातल्या ‘हेवी’ गटाला किमान ३५ पौंड पाठीवर घ्यावे लागतात.

यात रायफल कुठून आली?

स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा नेमबाजी म्हणजे स्थिर श्वास, स्थिर हात आणि ठरलेली जागा हे चित्र महाराष्ट्राने पाहिले. अमेरिकेतील फील्ड प्रकारच्या रायफल स्पर्धांत ही स्थिरता स्पर्धकाला थकलेल्या अंगातून काढावी लागते. ‘मॅमथ स्नायपर चॅलेंज’सारख्या स्पर्धेत दोघांची जोडी तीन दिवस आपले सगळे सामान पाठीवर घेऊन एका फायरिंगच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर चालत जाते. चालण्याला वेळेची मर्यादा असते. ती पाळता आली नाही, तर नेम कितीही अचूक असला तरी उपयोग नाही.

याचा जवळचा ऑलिम्पिक नातेवाईक म्हणजे बायथलॉन. त्यात बर्फावर स्कीइंग करणारा खेळाडू किमान साडेतीन किलोची रायफल पाठीवर बांधून धावतो आणि मध्येच थांबून नेम धरतो. रायफलसाठी खास खोबण असलेल्या सॅक बनवणाऱ्या ‘एबरलस्टॉक’ या अमेरिकी कंपनीचा संस्थापक माजी ऑलिम्पिक बायथलॉनपटू आहे, हा योगायोग नव्हे. रायफल पाठीवर नीट बसली नाही तर काय होते, हे त्या खेळातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ओझे किती होते?

सॅक निवडण्याची सुरुवात दुकानात करण्याऐवजी घरच्या वजनकाट्यावर करावी. तीन दिवसांच्या स्पर्धेचा ढोबळ हिशेब असा : दुर्बीण आणि दुपायी स्टँडसह रायफल सुमारे ७ किलो, शंभर काडतुसे सुमारे अडीच किलो, तिपाई आणि निरीक्षणाची दुर्बीण मिळून चार किलो, तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, तंबू आणि स्लीपिंग बॅग तीन किलो, खाणे आणि कपडे चार किलो. इथेच साडेतेवीस किलो झाले. त्यात रिकाम्या सॅकचे अडीच-तीन किलो धरले की आकडा २६ च्या पुढे जातो. जोडीदारांनी तंबू, तिपाई वाटून घेतली तर तो थोडा उतरतो.

सत्तर किलोच्या माणसासाठी हे स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे. त्यामुळे हलकी सॅक घेऊन अर्धा किलो वाचवायचा की मजबूत फ्रेमची घेऊन तेच वजन नीट पेलायचे, असा प्रश्न उभा राहतो. दहा-बारा किलोपर्यंत बिनफ्रेमची हलकी सॅक चालून जाते. वीस किलोच्या पुढे मात्र फ्रेम हवीच. तिथे सॅकचे स्वतःचे अर्धा-एक किलो जास्त वजन हा तोटा ठरत नाही; उरलेले वीस किलो सुसह्य करण्याची ती किंमत आहे.

वजन खांद्यावर की कमरेवर?

डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. वारकऱ्याच्या पडशीचे दोन कप्पे पुढे-मागे लोंबतात आणि भार खांद्यावर तोलला जातो. दोन्हींमागचे शहाणपण एकच : ओझे हाडांच्या सरळ रेषेत असावे आणि त्याने एकाच जागी रुतू नये. चांगली सॅक हेच काम कमरपट्ट्याने करते. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ पासून विकायला आणलेल्या फ्रेमच्या सॅकने ही कल्पना गिर्यारोहकांत लोकप्रिय केली. फ्रेम भार खाली नेते, कमरपट्टा तो कटीच्या हाडावर उतरवतो आणि तिथून तो पायांकडे जातो. खांद्याच्या पट्ट्यांनी सॅक फक्त पाठीशी धरून ठेवायची असते.

कमरपट्टा नसेल किंवा चुकीच्या जागी बसत असेल, तर सगळे वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येते. मान आणि काखेच्या मधून हाताकडे जाणाऱ्या नसा त्याखाली दबतात. हात बधिर होणे, मुंग्या येणे, खांदा उचलायला त्रास होणे अशी लक्षणे दिसतात. वैद्यकशास्त्रात याला ‘रकसॅक पाल्सी’ असे नावच आहे. काहींच्या बाबतीत खांद्याचे पाते बाहेर येते आणि बरे व्हायला महिने लागतात. नेमबाजासाठी तर हा दुहेरी फटका आहे. ज्या हाताने ट्रिगर हळुवार दाबायचा, त्याच हाताची बोटे बधिर असतील तर महागडी रायफलही कामाची नाही.

म्हणून पाठ मोजायची. मान पुढे झुकवल्यावर तिच्या मुळाशी जो मणका उठून दिसतो, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लावला की पाठीची लांबी मिळते. उंची आणि पाठीची लांबी यांचा संबंध सरळ नसतो. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाच फूट सहा इंचाच्या माणसाची लांब असू शकते. सॅकचा ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ हा आकार पाठीच्या या मापावरून ठरवायचा, शर्टाच्या मापावरून नाही. दुकानात रिकामी सॅक लावून आरशात पाहण्याला काही अर्थ नाही. पंधरा-वीस किलो भरून निदान अर्धा तास जिना चढ-उतार करावा. पट्टा कटीच्या हाडावर टिकतो की घसरतो, हे तेव्हाच कळते.

रायफल सॅकमध्ये कुठे असावी?

याचे तीन प्रचलित मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. पहिला, सॅकच्या मधोमध असलेली खोबण. तोल उत्तम राहतो, पण लांब नळी डोक्याच्या वर जाते आणि झाडाखालून जाताना फांद्यांत अडकते. दुसरा, एका बाजूला बांधणे. रायफल काढायला सोपी, पण सात किलो एकीकडे लोंबले की कंबर त्या बाजूला ओढली जाते. उलट बाजूला पाणी आणि तिपाई बांधून तोल साधावा लागतो. तिसरा, फ्रेम आणि पिशवी यांच्या मधल्या फटीत रायफल दाबून बसवणे. वजन पाठीजवळ राहते, मात्र ती काढायची तर पिशवीचे पट्टे सोडावे लागतात.

चालणे जास्त आणि फायरिंग कमी असेल तर मधली खोबण किंवा फ्रेमची फट बरी. दर थोड्या अंतराला रायफल काढायची असेल आणि एका टप्प्याला दीड-दोन मिनिटेच मिळत असतील, तर बाजूची बांधणी सोयीची. कोणताही मार्ग घेतला तरी नळीच्या तोंडावर धुळीपासून झाकण, दुर्बिणीवर मऊ आवरण आणि चेंबर रिकामे असल्याची खूण या गोष्टींना पर्याय नाही. जोडीदार मागून चालत असतो, हे विसरता येत नाही.

लिटर आणि कापड किती महत्त्वाचे?

एका दिवसाच्या स्पर्धेला ३० ते ४० लिटर पुरतात. तीन दिवसांच्या मुक्कामाला ६० ते ७० लिटर लागतात. मोठी सॅक घेतली की रिकामी जागा भरण्याचा मोह होतो, आणि भरलेली प्रत्येक वस्तू शेवटच्या मैलापर्यंत सोबत येते. बाजूचे दाबपट्टे असलेली सॅक म्हणूनच बरी. सामान कमी असेल तेव्हा ती आवळता येते आणि आतले ओझे हिंदकळत नाही.

कापडाच्या ‘डेनियर’चा आकडा म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. हजार डेनियरचे कापड घासण्याला जास्त टिकते, पण जडही असते. बहुतेकांना पाचशे डेनियर पुरेसे ठरते. सॅक फाटते ती बहुतेकदा शिवणीवर आणि चेनवर. त्यामुळे कापडाच्या आकड्यापेक्षा पट्टा जिथे पिशवीला शिवला आहे तो सांधा आधी तपासावा.

या खेळात सॅकचे आणखी एक काम आहे. जमिनीवर झोपून नेम धरताना तीच रायफलचा टेकू होते. फार टणक सॅकवर रायफल उसळते, फार ढिल्या सॅकवर ती खचते. स्लीपिंग बॅग किंवा कपडे वरच्या भागात ठेवले की टेकू मऊ आणि भरीव होतो. मात्र चालताना जड वस्तू पाठीला चिकटून आणि पाठीच्या मधल्या-वरच्या भागात हव्यात. भरण्याचा हा क्रम सरावातच बसवावा लागतो.

‘मिलिटरी लूक’ची सॅक का टाळावी?

बाहेरून पट्ट्यांच्या रांगा, खाकी किंवा हिरवा रंग आणि दणकट बकल पाहिले की सॅक ‘खरी’ वाटते. पण सैन्याची सॅक सैन्याच्या गरजेसाठी बनते. सैनिकाच्या अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट आणि कमरेला दारूगोळ्याचा पट्टा असतो. त्यामुळे सॅकचा कमरपट्टा त्याला अनेकदा पूर्ण आवळताच येत नाही. स्पर्धकापुढे ही अडचण नाही. सैनिकाच्या नाइलाजाचे अनुकरण त्याने हौसेने करण्यात शहाणपण कसले? बाहेरचे जादा पट्टे वजन वाढवतात आणि झुडपात अडकतात. उत्तम फ्रेमच्या सॅकला अमेरिकेत कित्येकशे डॉलर मोजावे लागतात. ते मोजायचेच असतील तर फ्रेम आणि कमरपट्ट्यासाठी मोजावेत.

महाराष्ट्रात याचा संबंध काय?

भारतात शस्त्र बाळगण्यावर १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कडक नियमन आहे. त्यामुळे रायफल पाठीवर टाकून डोंगर तुडवण्याचा हा खेळ इथे सर्वसामान्यांसाठी नाही. रकिंगचे मात्र तसे नाही. साल्हेर किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणारा ट्रेकर पंधरा किलो सहज उचलतो, आणि बऱ्याचदा त्याची सॅक कुणाकडून तरी उसनी आणलेली असते. उसनी सॅक म्हणजे उसन्या मापाची पाठ.

लष्करभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनीही हे लक्षात घ्यावे. अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटरची धाव बिनओझ्याची असते. दप्तरात वाळू भरून डांबरी रस्त्यावर धावल्याने गुण वाढत नाहीत. गुडघे आणि नडगीची हाडे मात्र दुखावतात. ओझ्याचा सराव हवाच असेल तर तो चालण्याचा असावा. केंद्राच्या २०२० च्या धोरणाने शाळकरी मुलाच्या दप्तराला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. नवख्या प्रौढानेही तिथूनच सुरुवात करणे बरे. पुढे एका आठवड्यात अंतर वाढवावे किंवा वजन. दोन्ही एकदम नको.

थोडक्यात क्रम असा : आधी सामानाची यादी आणि त्याचे वजन, मग पाठीचे माप, मग फ्रेम आणि कमरपट्टा, मग रायफलची किंवा तंबूची जागा, त्यानंतर लिटर आणि कापड. रंग आणि कंपनीचे नाव सगळ्यात शेवटी. दुकानदार हीच यादी उलट्या टोकाने वाचून दाखवतो, म्हणून माप घेण्याचे काम दुकानात जाण्याआधी घरीच उरकलेले बरे.