दुसऱ्या खिडकीवरची गर्दी

२०१३ च्या उन्हाळ्यात मी जालना जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत होतो. मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. टँकरच्या पाण्यावर झाडे जगवण्याची सगळ्यांची धडपड. अंबडकडचे एक बागायतदार तेव्हा नेमाने येऊन समोर बसत. तक्रार नाही, चौकशी नाही. ‘‘साहेब, तीनला डोळा उघडतो अन् छाती धडधडते,’’ एवढेच म्हणत. मी पाणी मागवी आणि कर्ज पुनर्गठनाचा अर्ज पुढे सरकवी. याहून अधिक मला सुचत नसे.

त्या धडधडीमागचे रसायन निवृत्तीनंतर वाचनात आले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी संकटकाळी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. पहिले क्षणात येते, जाते. दुसरे मुक्काम ठोकते. पण संप्रेरक म्हणजे नुसती चिठ्ठी. ती घेणारा हवा. तो म्हणजे पेशीतला ग्राही, डॉक्टर ज्याला रिसेप्टर म्हणतात. कॉर्टिसॉल पेशीत शिरून ग्राहीला चिकटते आणि ही जोडी केंद्रकात जाऊन काही जनुके चालू करते, काही बंद.

मेंदूत कॉर्टिसॉलचे ग्राही दोन प्रकारचे. एकाची पकड दुसऱ्याच्या सुमारे दहापट, म्हणून तो एरवीही बहुतेक भरलेला असतो. ताण वाढला की दुसरा भरू लागतो. पहिल्या खिडकीवर रोजचीच रांग; पगाराच्या दिवशी दुसरी उघडावी, तसे. या दुसऱ्या खिडकीचे एक मोठे काम म्हणजे ‘पुरे झाले’ असे वर कळवणे. मग ग्रंथींचा नळ बंद होतो. ताण महिनोन्महिने टिकला, तर पुष्कळांच्या बाबतीत हा निरोप नीट पोचत नाही.

मग औषध थेट ग्राहीवरच का लागू करू नये? ॲड्रिनलिनच्या बाबतीत ते साधले आहे. जेम्स ब्लॅक यांनी हृदयावरचे ग्राही अडवणारे प्रोप्रॅनोलॉल शोधले. १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॉर्टिसॉलचे गणित अवघड, कारण त्याचा ग्राही जवळजवळ प्रत्येक अवयवात आहे. तो अडवणारे मिफेप्रिस्टोन अमेरिकेत २०१२ मध्ये कुशिंग सिंड्रोममधल्या वाढलेल्या रक्तशर्करेसाठी मान्य झाले; गंभीर नैराश्याच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ते अपेक्षेला उतरले नाही. उलट तोच ग्राही चालू करणाऱ्या डेक्सामेथासोनने २०२० साली व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटवले. आणि पुढच्याच वर्षी, मधुमेहात स्टेरॉइडचा अतिरेक झालेल्या कितीतरी जणांना काळ्या बुरशीने गाठले! ग्राहीचे हवे तेवढेच काम करणारे औषध शोधणे चालू आहे. मला त्याची आशा आहे. पण मोसंबीला पाणी देणारा ग्राही कुठल्याच पेशीत नाही, हेही विसरवत नाही.

ते बागायतदार परवा बसस्टँडवर भेटले. बाग केव्हाच तोडली, आता कपाशी. झोप लागते म्हणाले. गुडघे तेवढे दुखतात, पण कुणीतरी दिलेल्या गोळीने जादू केली आहे. दोन वर्षे रोज एक. मी पाकीट चष्म्याजवळ धरून वाचले : डेक्सामेथासोन.

‘‘मग आजपासून बंद करतो,’’ ते म्हणाले. मी हात धरला. इतके दिवस बाहेरून मिळाले की ग्रंथी निजलेल्या असतात; गोळी एकदम तोडली तर माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू उतरवावी लागते. अंबडची गाडी मी जाऊ दिली आणि त्यांना घेऊन रिक्षात बसलो.